पोळी आणि टाळी

आठवीच्या वर्गाला आम्ही दरवर्षी एक जुनाच विषय निबंधासाठी देतो : 'मी मोठेपणी कोण होणार?' आमच्या गुरुजींनी तो आम्हांस दिला होता आणि बहुधा त्यांच्या गुरुजींनी त्यांना. विषय तोच असला तरी उत्तरे मात्र दर पिढीची निराळी. आमच्या वर्गात डॉक्टर, इंजिनिअर, फौजदार आणि चुकून एखादा शिक्षक निघे. यंदा चाळीस वह्यांपैकी सहा वह्यांत असे लिहिलेले आढळले की, आपण व्हिडिओ गेम खेळून त्यांच्याविषयी लोकांना सांगणार, आणि ते ऐकणारे लोकच आपणांस पैसे देणार.

पहिल्या वाचनी आम्हांस हसू आले. आमची पदवी कलाशाखेची. संतकाव्य, पंतकाव्य आणि शाहिरी काव्य यांच्या संगतीत आमची उमेदीची वर्षे गेली. बोटांनी खेळावयाचा खेळ म्हणजे आमच्या लेखी गोट्या. पण एकाच वर्गातील सहा जण जेव्हा एकच स्वप्न पाहतात, तेव्हा त्या स्वप्नाची चौकशी करणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते. म्हणून दिवाळीच्या सुटीत आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. अभ्यासाअंती दिसून आले की, हा प्रश्न वाटला तितका पोरखेळाचा नाही. मुळात तो खेळांचा प्रश्नच नाही. 'बोलणाऱ्याला पैसे कोणी द्यावेत?' असा तो फार जुना प्रश्न आहे, आणि यंदा तो आमच्या या वार्षिकाच्या दाराशीही येऊन उभा राहिला.

वर्तमानपत्राचा अंक आपण अवघ्या काही रुपयांस विकत घेतो. तेवढ्यात कागद, शाई आणि माणसांचे पगार यांचा खर्च निघत नाही. उरलेला भार जाहिरातदार उचलतात. साबणाची जाहिरात आणि नाटकाचे परीक्षण एका पानावर आले, तरी साबणवाल्याला नाटकाशी काही कर्तव्य नसते. व्हिडिओ गेमविषयी लिहिणाऱ्या नियतकालिकांची गोष्ट निराळी. तेथे जाहिरात देणारा बहुधा गेम विकणाराच असतो. ज्याच्या मालाची पारख करावयाची, त्याच्याच पैशांवर पारख करणाऱ्याची चूल पेटते.

यातून काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत घडले. 'गेमस्पॉट' या संकेतस्थळावर जेफ गर्स्टमन नावाचे समीक्षक दहा वर्षांहून अधिक काळ काम करीत होते. २००७ सालच्या नोव्हेंबरात त्यांनी 'केन अँड लिंच : डेड मेन' या गेमचे परीक्षण करून त्यास दहांपैकी सहा गुण दिले. दहांत सहा म्हणजे आमच्या शाळेत पहिला वर्ग! परंतु गेमच्या बाजारात तेवढे गुण म्हणजे नापसंतीच समजतात. त्याच दिवसांत त्या संकेतस्थळावर त्याच गेमची मोठी जाहिरात झळकत होती. महिनाअखेरीस गर्स्टमन यांना नोकरीवरून काढण्यात आले. वाचकांत मोठी खळबळ उडाली. जाहिरातदारापुढे आपण वाकलो नाही, असे संस्थेने सांगितले. मौनाच्या करारातून मोकळे झाल्यावर, २०१२ साली, गर्स्टमन यांनी स्वतः सांगितले की, गेम कंपन्यांच्या दडपणापुढे तेव्हाच्या व्यवस्थापनाने मान तुकविली होती. आपल्या पूर्वजांनी अशा गोष्टींसाठी एक म्हण करून ठेविली आहे : ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी.

गर्स्टमन यांनी टाळी वाजविली नाही. २००८ साली त्यांनी 'जायंट बॉम्ब' हे नवे संकेतस्थळ सुरू केले आणि जुन्या सहकाऱ्यांपैकी काही जण नोकऱ्या सोडून त्यांना येऊन मिळाले. पुढे वाचकांना तेथे पैसे भरून सभासद होण्याची सोय झाली. पण संकेतस्थळाची मालकी एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे फिरत राहिली. २०२२ साली गर्स्टमन तेथून बाहेर पडले आणि श्रोत्यांच्या वर्गणीच्या आधारे आपला कार्यक्रम चालवू लागले. २०२५ च्या मे महिन्यात तर तेथील दोघा कर्मचाऱ्यांनीच ते संकेतस्थळ मालकांकडून विकत घेतले.

श्रोत्यांची ही वर्गणी गोळा कशी होते, तेही पाहण्यासारखे आहे. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्को येथील जॅक कॉन्टे या संगीतकाराने, सॅम यॅम या आपल्या महाविद्यालयीन मित्राच्या मदतीने, 'पॅट्रिऑन' नावाची व्यवस्था उभारली. कॉन्टे यांनी पुष्कळ श्रम आणि स्वतःचे पैसे ओतून एक चित्रफीत तयार केली होती. ती पाहिली असंख्य लोकांनी, पण जाहिरातींतून हाती आले ते अगदीच किरकोळ. तेव्हा त्यांच्या मनात आले की, ज्यांना आपले काम खरोखर आवडते, त्यांनीच दरमहा थोडे थोडे दिले तर? पॅट्रिऑनची युक्ती एवढीच. चाहत्याने दरमहा ठरावीक रक्कम द्यावयाची, पॅट्रिऑनने त्यातून आपली दलाली कापून घ्यावयाची आणि उरलेले पैसे निर्मात्यास पोचते करावयाचे. एक हजार माणसांनी महिन्याला पाच डॉलर दिले, तर पाच हजार डॉलर होतात. लाखो प्रेक्षकांची गरजच उरत नाही. हजार निष्ठावंत पुरतात.

व्हिडिओ गेमविषयी बोलणाऱ्यांना ही वाट फार मानवली. २०१४ च्या अखेरीस जेम्स स्टेफनी स्टर्लिंग यांनी (त्या काळी ते जिम स्टर्लिंग या नावाने ओळखले जात) नोकरी सोडून, जाहिराती न घेता, चाहत्यांच्या वर्गणीवर समीक्षा सुरू केली. २०१६ च्या फेब्रुवारीत 'गेमट्रेलर्स' हे जुने संकेतस्थळ एकाएकी बंद पडले. तेथील मंडळींनी रडत न बसता काही आठवड्यांतच 'ईझी अलाइज' नावाने नवा संसार थाटला, तोही वर्गणीवरच. त्याच वर्षी डॅनी ओ'ड्वायर या आयरिश पत्रकाराने 'नोक्लिप' सुरू केले. गेम कसे तयार होतात, ते तयार करणाऱ्यांनी कोणत्या अडचणी सोसल्या, याविषयी तो माहितीपट काढतो, आणि त्यांचा खर्च प्रेक्षक देतात.

२०२३ च्या नोव्हेंबरातील घटना तर एखाद्या नाटकात शोभावी. 'द एस्केपिस्ट' या संकेतस्थळाच्या संपादकाला मालकांनी काढून टाकले. त्यावर चित्रफिती तयार करणाऱ्या त्यांच्या सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. त्यांत बेन क्रोशॉ हे विनोदी समीक्षकही होते. २००७ पासून गाजत असलेल्या त्यांच्या कार्यक्रमाचे नाव मालकांकडे राहिले, पण आवाज क्रोशॉ यांचा होता. नव्या नावाने, 'सेकंड विंड' या नव्या चमूत, तो पुन्हा सुरू झाला आणि श्रोते नाव सोडून आवाजामागे गेले.

हे सारे वाचताना आम्हांस आमच्या गावच्या देवळाची आठवण झाली. आमचे मूळ घर गोव्यातले. घरी आम्ही कोंकणी बोलतो आणि येथे बेळगावात मुलांना मराठी शिकवितो. लहानपणी देवळात कीर्तन असले की आजीबरोबर आम्ही जात असू. कीर्तनकार आख्यान तर रंगवीच, पण मधूनमधून समोर बसलेल्या श्रोत्यांवरही कोरडे ओढी. देवळात डोळे मिटणारे आणि घरी सुनेला छळणारे, भावाच्या जमिनीचा बांध रातोरात सरकविणारे, असे सगळे त्याच्या तडाख्यात सापडत. श्रोते हसत, काही खाली पाहत. शेवटी आरतीचे ताट फिरे आणि ज्यांच्यावर कोरडे पडले, तेच त्यात नाणी टाकीत. आमच्या हातावर नाणे ठेवताना आजी म्हणे, "आमच्यो चुको आमच्या तोंडार सांगता, ताका दिवंकच जाय." आपल्या चुका आपल्या तोंडावर सांगतो, त्याला द्यायलाच हवे! पॅट्रिऑन म्हणजे हेच आरतीचे ताट, सातासमुद्रांपलीकडे फिरणारे, असे प्रथम आम्हांस वाटले आणि मन प्रसन्न झाले.

परंतु पुढे वाचत गेलो, तेव्हा ध्यानात आले की सगळेच श्रोते आमच्या आजीसारखे नसतात. २०१७ च्या मार्चमध्ये निन्टेन्डो कंपनीचा 'द लिजेंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा गेम आला. जगभरच्या समीक्षकांनी त्याची तोंड भरून स्तुती केली. वर उल्लेखिलेल्या स्टर्लिंग यांनी मात्र त्याला दहांपैकी सात गुण दिले. गेम त्यांना आवडला होता, फक्त काही गोष्टी खटकल्या होत्या. झाले! चिडलेल्या लोकांनी त्यांच्यावर शिव्यांचा वर्षाव केला, एवढेच नव्हे तर त्यांच्या संकेतस्थळावर एकाच वेळी असंख्य खोट्या मागण्यांचा मारा करून ते काही काळ बंद पाडले. यात कोणा जाहिरातदाराचा हात नव्हता. हे चाहतेच होते, त्या गेमवर जिवापाड प्रेम करणारे.

म्हणजे पोळी वाढणारा बदलला, म्हणून टाळीची अपेक्षा संपते असे नाही. पूर्वी एक धनिक कंपनी टाळी मागे. आता हजार माणसे थोडी थोडी मागतात. कंपनीचे दडपण एका पत्रातून येते, तर गर्दीचे दडपण रोज सकाळी हजार तोंडांतून येते. शिवाय गर्दीपुढे वाकणाऱ्याला आपण वाकलो आहोत हे चटकन कळतही नाही. आपण लोकप्रिय होत आहोत, असेच त्याला वाटते.

हा विचार आमच्या मनात घोळत असतानाच आमच्या या वार्षिकावर प्रसंग ओढवला.

नववीतील एका विद्यार्थ्याने 'एका तासाची पन्नास मिनिटे' या शीर्षकाचा लेख लिहिला. गावात एक गेमिंग कॅफे आहे. तेथे मुले तासाच्या हिशेबाने पैसे भरून संगणकावर खेळतात. या मुलाने चार दिवस मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिले आणि तेथला तास पुरा भरत नाही, असे दाखवून दिले. लेख प्रथम शाळेच्या भित्तिपत्रकावर लागला आणि मधल्या सुटीत त्याच्यासमोर ही झुंबड उडाली. आता हे दुकानदार गेली काही वर्षे आपल्या वार्षिकाला अर्ध्या पानाची जाहिरात देत आले आहेत. दोन दिवसांतच ते शाळेत आले. गृहस्थ मोठे हसतमुख. म्हणाले, "सर, पोरगं आहे, लिहिलंय कायबाय. पुस्तकात तेवढं राहू दे की. अर्ध्या पानाऐवजी यंदा पूर्ण पान घेतो बघा."

आम्ही विचार करण्यास दोन दिवस मागून घेतले. पहिल्या दिवशी हातात घड्याळ घेऊन आम्ही स्वतः त्या दुकानात गेलो, एका तासाचे पैसे भरले आणि मोटारींच्या शर्यतीचा एक गेम घेऊन बसलो. आमची मोटार अकरा वेळा कठड्यावर आदळली, आणि बाराव्या खेपेस यंत्रावरचा तास संपला, तेव्हा आमच्या घड्याळात एक्कावन्न मिनिटे झाली होती. मुलगा खरे लिहीत होता. त्याच्या लेखातील एक वाक्य मात्र ऐकीव होते. ते आम्ही त्याला दाखविले आणि त्याने ते काढून टाकले. दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानदारांना सांगितले की, लेख छापणार. आपले म्हणणे लिहून दिलेत तर त्याच्या शेजारी तेही छापू. त्यांनी लिहून काही दिले नाही, आणि पूर्ण पान तर राहोच, अर्धे पानही गेले.

मुख्याध्यापकांनी एवढेच विचारले, "लेख खरा आहे ना?" आम्ही होय म्हटले. "मग छापा." परंतु अंकाच्या खर्चात दोन हजार रुपयांचा खड्डा पडला होता आणि तो नुसत्या बाणेदारपणाने भरत नाही. तेव्हा सहा वह्यांतील सहा स्वप्ने आमच्या मदतीला आली. त्याच मुलांनी पुठ्ठ्याची एक पेटी केली, तिच्यावर 'आपले वार्षिक' असे लिहिले आणि ती वर्गावर्गांतून फिरविली. कोणी पाच रुपये टाकले, कोणी दहा. पालकांनी शंभर-दोनशे दिले. सगळे मिळून दोन हजार सातशे तीस रुपये जमले. त्या दिवशी आम्हांस वाटले की, आजीचे ताट बेळगावातही फिरले.

चारच दिवसांनी ताटाची दुसरी बाजू दिसली. एका विद्यार्थिनीचे आजोबा आले. त्यांनी पाचशे रुपये दिले होते. नातीची कविता पहिल्या पानावर यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. एका वर्गाने निरोप पाठविला की, आम्ही पेटीत सर्वांत जास्त पैसे टाकले आहेत, तेव्हा आंतरशालेय सामन्यात आमचा संघ अठ्ठावीस धावांत बाद झाला, ही हकीकत कृपा करून वगळावी. आम्ही क्षणभर सुन्न झालो. दुकानदाराच्या पूर्ण पानाला नकार देणे सोपे होते. आपण काही थोर करीत आहोत, असे तेव्हा वाटत होते. ज्यांनी प्रेमाने दिले, त्यांना नकार देताना तसे काही वाटत नाही. फक्त जीभ जड होते.

कवितेविषयी आम्ही आजोबांना सांगितले की, इतर कवितांबरोबर ती वाचू आणि चांगली वाटली तर घेऊ. संपादक मंडळाने ती दोनदा वाचली. या अंकात ती नाही. पुढच्या वर्षी त्या मुलीकडून अधिक चांगली कविता येईल, अशी आम्हांस खात्री आहे, कारण तिच्या चार ओळी खरोखरच तिच्या स्वतःच्या होत्या. आजोबांनी पैसे परत मागितले नाहीत. मात्र तेव्हापासून रस्त्यात भेट झाली, की ते दुसरीकडे पाहतात. क्रिकेटच्या सामन्याची हकीकत या अंकात जशीच्या तशी छापली आहे. नववीतील मुलाचा लेखही वाचकांस येथे वाचावयास मिळेल.

आता आमच्या त्या सहा विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, वर ज्यांची नावे घेतली, त्यांतील एकालाही चाहते पहिल्या दिवशी मिळाले नाहीत. गर्स्टमन, स्टर्लिंग, ओ'ड्वायर, क्रोशॉ, ईझी अलाइजची मंडळी, या सर्वांनी आधी कितीतरी वर्षे दुसऱ्याच्या संस्थेत राबून आपली कला कमावली होती. लिहावे कसे, बोलावे कसे, माहिती पडताळून कशी पाहावी, हे ते तेथे शिकले आणि लोकांचा विश्वास त्यांनी तेथेच मिळविला. त्यांनी वर्गणीची पेटी पुढे केली, तेव्हा तिच्यात पडलेला पैसा हा त्या विश्वासाचा होता. शिवाय दरमहा वर्गणी म्हणजे दरमहा परीक्षा, आणि तिला उन्हाळ्याची सुटी नाही. ज्याला या व्यवसायात जावयाचे असेल, त्याने गेम अवश्य खेळावेत, पण त्याबरोबर भाषा कमवावी, वाचन करावे आणि मनगटावर घड्याळ बांधून चार दिवस बसण्याची चिकाटी ठेवावी. ते नववीतील मुलाला जमले आहे.

दुसरी गोष्ट केवळ त्या सहांसाठी नाही, सर्व वाचकांसाठी आहे. उद्या बोलणारे तुमच्यातील थोडेच होतील. देणारे मात्र सगळेच होणार. कोणी मासिकाची वर्गणी भरील, कोणी एखाद्या निर्मात्याला दरमहा काही रुपये पाठवील. (विद्यार्थिदशेत वडिलांच्या फोनवरून त्यांना न विचारता पाठवू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.) देताना मनाशी एक प्रश्न विचारावा : हा माणूस उद्या माझ्या आवडत्या खेळाला, माझ्या संघाला किंवा मला स्वतःला न रुचणारे पण खरे असे काही बोलला, तर मी त्याला पुढच्या महिन्यात देईन काय? उत्तर होय असेल तर अवश्य द्यावे. त्या पैशाने एक माणूस मोकळेपणाने बोलू शकेल. उत्तर नाही असेल तर आपण समीक्षक पोसत नसून भाट पोसतो आहोत, हे ओळखावे.

पुठ्ठ्याची पेटी आम्ही शिक्षकांच्या खोलीतील कपाटावर ठेविली आहे. पुढील वर्षी ती पुन्हा वर्गांतून फिरेल. तिच्यात कोणी किती टाकले, हे या वेळी आम्ही लिहून ठेविले नव्हते, आणि पुढच्या वेळीही ठेवणार नाही. अंकात काय छापावे, हे ठरविताना ती यादी हाताशी नसलेलीच बरी.